उत्तर तपासा

१

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी आमचे म्हातारे आरेखक नकाशा खोलीच्या जिन्याखाली डोकं फुटून पडलेले सापडले, आणि साडेदहाला ते चोर ठरले. मधल्या वेळात त्यांच्यामागे दवाखान्यात गेली ती फक्त त्यांची मुलगी. बाकी सगळी इमारत एक कागद शोधत होती.

सभापतींचा फोन आला तेव्हा मी घरी खिडकीच्या काचा पुसत होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी माझे हात स्वस्थ बसत नाहीत. तीस वर्षं मी सभागृहात वृत्तलेखिका होते. म्हणजे सदस्य जे काही बोलतील ते लघुलिपीत शब्दशः उतरवून घेणारी बाई. दोन्ही बाजूंनी एकमेकांना घातलेल्या शिव्या मी सारख्याच इमानाने लिहून घेतल्या, म्हणून दोन्ही बाजू मला मानतात. मला दोघांचंही कौतुक नाही, हेही दोघांना ठाऊक आहे.

"बाई, पडले कसे ते पोलीस बघतील," सभापती म्हणाले. "कागदाचं तुम्ही बघा. चारच्या आत."

मी पोचले तेव्हा ते दालनात येरझाऱ्या घालत होते. चार वाजता विमानतळाच्या नव्या टर्मिनलवर मतदान होतं. सहा महिने त्या टर्मिनलने सभागृहाला झोप येऊ दिली नव्हती. टर्मिनल आलं की दुसरी धावपट्टी येणार, आणि धावपट्टीच्या टोकाला विमानांच्या आवाजाचा पट्टा येणार. त्या पट्ट्यात जी घरं येतील ती उठवावी लागणार. पाण्याच्या टाकीमागची वस्ती पट्ट्यात येते की नाही, यावर सगळं अडलं होतं. टर्मिनल समितीचे अध्यक्ष तीनदा उभं राहून म्हणाले होते, "एकही घर हलणार नाही." विरोधी नेत्यांनी तोच प्रश्न लेखी विचारला, प्रश्न क्रमांक एक्केचाळीस. समितीने सहीशिक्क्यानिशी लेखी उत्तर दिलं, की एकही नाही. आज सकाळी त्या उत्तराची मूळ प्रत सचिवांच्या फायलीतून नाहीशी झाली होती.

"आणि हे बघा." सभापतींनी एक चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली. "काल संध्याकाळी माझ्या ट्रेमध्ये ठेवून गेले. आवक शिक्काही पडलाय, म्हणून ती कुठे हरवली नाही."

अक्षर आरेखकांचंच होतं, छापल्यासारखं. 'मतदानाआधी उत्तर तपासा. मूळ माझ्याकडे आहे.'

"स्वतःच्या हाताने लिहून दिलंय," सभापती म्हणाले. "समितीचे अध्यक्ष मतदानाआधी निषेधाची सूचना मांडणार आहेत. आरेखकाने सभागृहाचा कागद चोरला, अशी. नावानिशी."

आरेखकांना सगळे पट्टीकाका म्हणायचे. रेघ मारायची ती पट्टी लावून, आणि बोलायचं तेही तसंच. आम्ही एकाच आठवड्यात नोकरीला लागलो आणि पुढे वर्षानुवर्षं अकराचा चहा एकत्र घेतला. मी निवृत्त झाले, त्यांना मात्र मुदतवाढ मिळत गेली. मला तो माणूस आवडायचा. हे इथेच लिहून टाकते, म्हणजे पुढे कुणाला शोध लावत बसायला नको.

सभागृहाच्या वृत्तांतात एकदा चोर म्हणून उमटलेलं नाव कोणी पुसू शकत नाही. पन्नास वर्षांनी कुणीतरी तो खंड उघडला तरी ते तिथेच असतं. ज्या माणसाला शुद्ध नाही, त्याला 'नाही' म्हणायचीही सोय नव्हती.

मी वही उघडत होते तेवढ्यात माझा फोन वाजला. पट्टीकाकांची मुलगी होती.

"बाई, तुम्ही तिथे आहात का? बाबांच्या खिशातल्या किल्ल्या घेऊन जायला इथे ऑफिसातून माणूस आलाय. देऊ का?"

२

तो माणूस सचिवांनी पाठवला होता. सचिव म्हणजे शिस्तीचा गृहस्थ, टाचणीसुद्धा सही घेऊन देणारा. मी किल्ल्या माझ्यासमोर आणायला लावल्या आणि आम्ही दोघं नकाशा खोलीत गेलो. जिन्याखालची फरशी पुसून झाली होती. ओल अजून वाळली नव्हती. मी बाजूने गेले.

"उत्तर इथेच असणार," सचिव कपाटाला किल्ली लावत म्हणाले. "दुसरं कुठे ठेवतील?"

"फायलीत शेवटचं कधी पाहिलंत?"

"काल संध्याकाळी. आज साडेनऊला चिठ्ठीची चर्चा सुरू झाली, म्हणून दहाला फाईल उघडली तर नव्हतं."

"फाईल कुलपात असते?"

ते जरा घुटमळले. "मतदानाचा दिवस आहे, बाई. सकाळपासून जो तो प्रती मागतो. फाईल टेबलावरच होती."

"आणि उत्तर तपासा म्हणजे काय तपासा? त्यात कुणी काही बदललं होतं?"

"ते उत्तर मी स्वतः समोर बसून टाईप करून घेतलंय. त्यात काना-मात्रेचा फरक नाही." त्यांचा आवाज चढला. "तीस वर्षांत माझ्या एकाही उत्तराबद्दल तक्रार नाही."

कपाट आडव्या, उथळ खणांचं होतं. एकेका खणात नकाशाचं एकेक पत्रक सपाट ठेवलेलं, वर पट्टीकाकांच्या अक्षरात आकडा. आम्ही एकेक खण ओढून पाहिला. प्रश्न क्रमांक एक्केचाळीसचं उत्तर कुठेच नव्हतं. पहिल्या खणात पहिलं पत्रक, दुसऱ्यात दुसरं, असं सहापर्यंत सगळं जिथल्या तिथे होतं. सहावं पत्रक म्हणजे शहराचा नकाशा.

सातवा खण रिकामा होता.

"सातव्यात काय असतं?"

"धावपट्टी आणि आवाजाचा पट्टा," सचिव म्हणाले. "छपाईला दिलं असेल. ते सोडा हो, माझ्या उत्तराचं काय?"

पट्टीकाका मूळ पत्रक छपाईला कधीच देत नसत. प्रत देत. अकराच्या चहाला हे मी शंभरदा ऐकलं होतं.

३

खाली आले तर समिती अध्यक्षांचा स्वीय सहायक माझ्यासाठी चहा घेऊन उभा. चाळिशीतला हसतमुख माणूस, इमारतीत कुणाचं काहीही अडलं की हाच धावतो. अध्यक्षांची भाषणं हाच लिहितो. 'एकही घर हलणार नाही' हे वाक्यही याचंच. पुढच्या निवडणुकीत अध्यक्ष आपला जुना मतदारसंघ याला देणार, अशी बोलवा होती.

"बाई, कधीपासून उभ्या आहात. बसा आधी." त्याने खुर्ची ओढली. "पट्टीकाकांचं फार वाईट वाटतं. मी सात वाजल्यापासून इथेच आहे, पण वर गेलोच नाही. खाली लॉबीत मॉडेलपाशी होतो."

लॉबीत टर्मिनलचं मॉडेल ठेवलं होतं, काचेखाली, पलंगाएवढ्या लाकडी चौथऱ्यावर. त्यातली विमानं पाहायला शाळांच्या सहली येत.

"सकाळी सातला मॉडेलपाशी काय?"

"आज पाहुणे येणार ना. दिवे लावून पाहायचे होते. बटणं चौथऱ्याच्या आत आहेत, त्याची किल्ली माझ्याकडेच असते." तो हसला. "तेवढंच काम जमतं मला. नकाशातलं मला ओ की ठो कळत नाही, बाई. मी फायली वाहणारा माणूस."

मी वही मांडीवर घेतली. माझी जुनी खोड आहे, समोरचा बोलायला लागला की पेन्सिल आपोआप चालते. अर्थाकडे लक्ष नसतं. वृत्तलेखिकेने अर्थाकडे लक्ष दिलं तर पुढचं वाक्य निसटतं.

मी त्याला चिठ्ठीतला मजकूर वाचून दाखवला. "मतदानाआधी उत्तर तपासा. मूळ माझ्याकडे आहे. असं का लिहिलं असेल त्यांनी?"

"म्हातारपण, दुसरं काय? ती बदलली असती तर सल्लागारांच्या लक्षात आलं नसतं का?" त्याने माझ्या कपाखालची बशी सरळ केली. "साखर बरोबर आहे ना?"

साखर बरोबर होती. बाकी मला बसवेना. साडेबारा होऊन गेले होते.

४

विरोधी नेत्यांना सगळे तोफ म्हणतात, तोंडावरसुद्धा. बाई चालता चालताच बोलतात. मी त्यांना पॅसेजमध्ये गाठलं आणि तसंच त्यांच्याबरोबर चालत राहिले.

"पट्टीकाका तुम्हाला तो कागद देणार होते, असं म्हणताहेत."

"मला कशाला देतील? माझ्याकडे आहे की." त्यांनी काखेतल्या गठ्ठ्यातून एक झेरॉक्स उपसली. "हे बघा. समितीचं उत्तर, सहीशिक्क्यासकट. त्या उत्तरात एक अक्षर खरं नाही, पण अक्षरं सगळी जागेवर आहेत. कुणी ध चा मा केला असता तर मी सकाळीच सभागृह डोक्यावर घेतलं असतं."

"तुम्हाला ही कधी मिळाली?"

"आज सकाळी. सव्वानऊला मीच सचिवांच्या टेबलाशी उभी राहून काढून घेतली. काल दिलेली प्रत पुसट होती. ही हातात घेतली तेव्हा गरम होती." मग त्या थांबल्या. दिवसभरात पहिल्यांदा. "का हो?"

माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. सव्वानऊला मूळ उत्तर मशीनवर होतं. पट्टीकाकांना साडेआठला स्ट्रेचरवरून नेलं होतं.

मी सचिवांकडे धावले. त्यांनी कपाळावर हात मारला. "काढली होती खरी. मूळ परत फायलीत घातलं मीच. मग दहाला..." सकाळपासून ते एका बेशुद्ध माणसावर खापर फोडत होते, आणि कागद नाहीसा होण्याआधीच तो माणूस दवाखान्यात पोचला होता.

मी हे सभापतींना सांगितलं. मला वाटलं, सुटलो. पण सभापती वकील आहेत.

"बाई, चिठ्ठी त्यांचीच आहे ना? मूळ माझ्याकडे आहे, असं काल संध्याकाळी लिहिलंय ना? मग कसलं मूळ? तेवढं सांगा, मी सूचना थांबवतो. नाहीतर अध्यक्ष म्हणतील की त्यांच्या साथीदाराने नेलं, आणि साथीदारासकट वृत्तांतात जाईल."

दीड वाजला होता. मी रिक्षा केली आणि दवाखाना गाठला.

५

पट्टीकाकांचा चेहरा सुजला होता. नळ्या, पट्ट्या, आणि त्या सगळ्यात नीट कातरलेल्या मिश्या तेवढ्या ओळखीच्या. मुलगी उशाशी बसली होती. ती कपडे शिवते. गळ्यात टेप तशीच होती, काढायचं भान राहिलं नव्हतं.

"डॉक्टर काही सांगत नाहीत," ती म्हणाली. "बाई, बाबा चोर नाहीत हो."

"मला माहीत आहे. पण त्यांनी काय लिहिलं होतं ते मला कळत नाहीये." मी तिला चिठ्ठीतली दोन वाक्यं सांगितली. तिला ती कुणीच दाखवली नव्हती. चोर म्हणायला सगळे आले होते, काय लिहिलंय ते सांगायला कुणी नाही.

तिने कपाळाला आठ्या घातल्या. "मग बरोबर लिहिलंय की."

"काय बरोबर?"

"काल रात्री जेवताना तेच चाललं होतं. सदस्यांना वाटलेला छापील नकाशा घरी आणला होता. म्हणाले, वस्ती पट्ट्याच्या बाहेर कशी गेली? मी काढलं तेव्हा आत होती. मग म्हणाले, उत्तर हलली की सगळंच हलतं."

मी तिला थांबवलं. "काय हलली?"

"उत्तर. दिशा हो. नकाशावर तो बाण असतो ना." तिने गळ्यातली टेप काढून चादरीवर सरळ ठेवली. "आमच्यात कागदी नमुन्यावर बाण असतो. तो कापडाच्या उभ्या धाग्याशी जुळवायचा, मग कापायचं. बाण तिरका लागला की बाही तिरकी जाते. बाबांचंही तसंच. शहराचा नकाशा खाली, धावपट्टीचा पारदर्शक कागद वर, आणि दोन्हींवरचे उत्तरेचे बाण जुळवायचे. वरच्या कागदावरचा बाण कुणी जरा फिरवून छापला, तर पट्टा भलतीकडेच पडणार. धावपट्टीची रेघसुद्धा बदलायला नको."

मतदानाआधी उत्तर तपासा. सभागृहाच्या माणसांना उत्तर म्हणजे प्रश्नोत्तरातलं उत्तर. आम्ही दिवसरात्र तेच खातो-पितो. नकाशे काढणाऱ्या माणसाला उत्तर म्हणजे वर. आणि लिहिताना त्याने नेमकं असं वाक्य लिहिलं होतं, की त्यात उत्तर तो की ती की ते, हे कळायला जागाच नव्हती.

"बाई, अजून एक," मुलगी म्हणाली. तिने रुमालाची गाठ सोडली. आत दुधी रंगाचा, कडक, पारदर्शक असा तिकोनी तुकडा होता. "नर्सने त्यांची मूठ उघडली तेव्हा हा निघाला. मला वाटलं कचरा असेल, पण त्यांनी इतका घट्ट धरला होता की टाकवेना."

मी तो तुकडा घेतला. पट्टीकाकांच्या हाताला हात लावला आणि निघाले. थांबायचं फार मनात होतं. घड्याळात अडीच वाजले होते.

६

रिक्षात मी वही काढली. धक्क्यांनी ओळी नाचत होत्या, तरी वाचल्या. सचिव: 'ते उत्तर मी स्वतः टाईप करून घेतलंय.' तोफ: 'त्या उत्तरात एक अक्षर खरं नाही.' सगळ्यांचं उत्तर नपुंसकलिंगी, व्याकरणाला धरून. मग पुढचं पान.

'ती बदलली असती तर सल्लागारांच्या लक्षात आलं नसतं का?'

मी ते वाक्य लिहून घेतलं होतं आणि ऐकलं मात्र नव्हतं.

सव्वातीनला सभापतींच्या दालनात मी सचिवांना, समिती अध्यक्षांना आणि त्यांच्या सहायकाला बोलावून घेतलं. सहायक हसतच आला. मी वहीतली सचिवांची, तोफेची आणि सहायकाची वाक्यं एकामागून एक वाचून दाखवली.

सभापतींना आधी उमगलं. "ती म्हणजे कोण?" त्यांनी सहायकाला विचारलं.

"फाईल, साहेब. फाईलबद्दल बोलत होतो मी."

"फाईल सल्लागारांच्या लक्षात कशी येईल?" मी विचारलं. "सभागृहाची फाईल विमानतळाच्या सल्लागारांकडे कधीपासून जायला लागली?"

"माझी फाईल कुणाकडेही जात नाही," सचिव तुटकपणे म्हणाले.

"मग बाईंची लिहिण्यात चूक झाली असेल." सहायकाचं हसू अजून जागेवर होतं. "लघुलिपीत ते आणि ती यांत एका ठिपक्याचा तर फरक. माझ्या काकू लिहायच्या, मला माहीत आहे."

"एक ठिपका चुकेल," मी म्हणाले. "ती आणि बदलली, असे दोन्ही चुकत नाहीत. आणि चिठ्ठीत फक्त तपासा असं आहे. काही बदललंय, असं तिच्यात कुठेही नाही. ते तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी सभापतींना उत्तरेचा बाण समजावून सांगितला, जसा मला शिवणवालीने समजावला तसा. अध्यक्षांचा चेहरा उतरत गेला.

"तुम्हाला नकाशातलं काही कळत नाही," मी सहायकाला म्हणाले. "मग उत्तर म्हटल्यावर या इमारतीत तुमच्या एकट्याच्या मनात दिशा कशी आली? कारण फिरवलेली उत्तर तुम्हाला ठाऊक होती. छपाईला जाणारी प्रत तुमच्या हातून गेली. काल संध्याकाळी सभापतींच्या ट्रेमध्ये तुम्ही ही चिठ्ठी पाहिलीत आणि तुम्हाला तिचा खरा अर्थ कळला. शिक्का पडला होता म्हणून उचलता आली नाही. सकाळी पट्टीकाका मूळ पत्रक घेऊन जिना उतरत होते, तिथे तुम्ही त्यांना गाठलंत. नंतर सगळे चिठ्ठीचा भलताच अर्थ लावताहेत म्हटल्यावर तो खरा वाटावा म्हणून साडेनऊनंतर सचिवांच्या टेबलावरून ते दुसरं उत्तरही उचललंत."

"कुठे आहे मग ते पत्रक?" सहायक म्हणाला. "दाखवा की."

"तीन हात लांबीचा कडक कागद आहे. घडी घातली तर मोडतो. बाहेर जाताना दारावर तपासतात, आणि तुम्ही सकाळपासून बाहेर गेला नाहीत. या इमारतीत ज्याची किल्ली फक्त तुमच्याकडे आहे अशी एकच जागा तुम्ही मला स्वतः सांगितलीत."

लॉबीतल्या मॉडेलचा चौथरा उघडला तेव्हा दिव्यांच्या वायरींमागे एक गुंडाळी निघाली. आत सातवं पत्रक, आणि त्याच्या पोटात प्रश्न क्रमांक एक्केचाळीसचं उत्तर. पत्रकाचा एक कोपरा फाटलेला होता. मी रुमालातला तुकडा लावला. बसला.

सचिवांनी ते पत्रक शहराच्या नकाशावर ठेवून बाण जुळवला. आवाजाचा पट्टा पाण्याच्या टाकीवरून सरळ वस्तीवर उतरला. शाळा, दवाखाना, घरं, सगळं आत.

"मी ढकललं नाही," सहायक हळू आवाजात म्हणाला. "ते सोडतच नव्हते. त्यांनी नुसतं सोडलं असतं तर... मी ओढलं, कोपरा फाटला आणि ते मागे गेले."

"आणि तुम्ही तसेच सोडून खाली आलात," मी म्हणाले.

त्याने अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी दुसरीकडे. "वस्ती बाहेर कशी गेली ते मी याला कधी विचारलं नाही," ते म्हणाले. त्यांच्या मते तो बचाव होता.

७

चारला दहा कमी होती. पोलीस सहायकाला घेऊन गेले. सभापतींनी घाम पुसला.

"सुटलो, बाई. सूचना येणार नाही. मतदान पुढे ढकलतो, तांत्रिक कारण देतो. विषय संपला."

"पट्टीकाकांचं काय?"

"त्यांचं नावच येणार नाही म्हटलं ना."

"सकाळपासून सगळ्या इमारतीने त्यांना चोर म्हटलंय. शिपायापासून तुमच्यापर्यंत. ते कुठे जाणार?" मी वही मिटली. "मला सभागृहात बोलू द्या. साक्षीदार म्हणून. नियमात बसतं. मी सांगते कुठल्या ते."

नियम त्यांनाही माहीत होता. त्यांनी मान डोलावली.

तीस वर्षं मी त्या सभागृहाच्या मधल्या टेबलाशी बसले आणि एक शब्द बोलले नाही. चार वाजून बारा मिनिटांनी मी उभी राहिले तेव्हा माझ्या जागेवर बसलेल्या बाईने पेन्सिल उचलली. मी काय झालं ते क्रमाने सांगितलं. बाण, चिठ्ठी, कोपरा. तोफेच्या बाजूने बाकं वाजली, अध्यक्षांच्या बाजूने आरडाओरडा झाला, सभापती हातोडी आपटत राहिले. मी त्या गोंधळावर आवाज चढवून शेवटचं सांगितलं.

"या सभागृहाचे आरेखक प्रामाणिक आहेत. त्यांनी या सभागृहाला सावध केलं, आणि आपल्याला ते वाचता आलं नाही."

मग मी बसले. मतदान पुढे गेलं, सदस्य भांडत भांडत पांगले, आणि मी लॉबीत येऊन फोन पाहिला. मुलीचे सहा कॉल येऊन गेले होते.

"चारला पाच कमी असताना, बाई," ती म्हणाली. "शुद्धीवर आलेच नाहीत."

तिला काय म्हणाले ते मला आठवत नाही. बहुतेक येते म्हणाले. फोन ठेवला आणि तिथेच, चौथरा उघडलेल्या मॉडेलशेजारी, बाकावर बसून राहिले. लोक जात-येत होते. कुणीतरी पाणी आणून दिलं, ते तसंच राहिलं.

पाचच्या सुमाराला माझ्या जागेवरची वृत्तलेखिका वही घेऊन आली.

"बाई, मजकूर पक्का करून द्यायचाय. तुम्ही 'प्रामाणिक आहेत' म्हणालात. पण आता कळलं की तुम्ही उभ्या राहिलात त्याच्या आधीच ते..." तिला ते बोलणं जड गेलं. "सचिव विचारताहेत, 'होते' करायचं का?"

"मी काय बोलले?"

"आहेत."

"मग तेच लिहा."

ती निघून गेली. मी पुन्हा मुलीला फोन लावला. तिने पहिलं तेच विचारलं, बाबांबद्दल तिथे काय लिहिलंय. मी तिला ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, पुन्हा सांगा. मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना 'आहेत'पाशी माझा आवाज गेला, आणि मग ते वाक्य तिनेच पुरं केलं.